कोंडीबाच्या बोटाचा मासा

केरबा लढाईवरून उंब्रजला परतला तेव्हा त्याच्याजवळ एक ट्रंक, दोन पदकं आणि बायकोला दिलेला शब्द एवढाच ऐवज होता. 'आलो की माझ्या हातानं धरलेला मासा तुला खाऊ घालीन,' असं त्यानं राहीबाईला पत्रातून कळवलं होतं. ट्रंकेला, पदकांना घरात जागा मिळाली. शब्दाचं मात्र अडलं.

मासे मिळत नव्हते असं नाही. नदीकाठच्या पारावर बसून शेजारचा, एकटाच राहणारा कोंडीबा बोट दाखवी, "आज खडकाखाली जा गड्या," नाहीतर "चिंचंखालच्या डोहात." चार वर्षं पलटणीत आलेला निरोप तारेवरून पुढं धाडताना 'का' विचारायचं नसतं, हे केरबाच्या अंगवळणी पडलं होतं. तो मुकाट जाई, मासा आणी. संध्याकाळी कोंडीबा जेवायला हजर. मधला तुकडा त्याचा.

"वैनी, केरबानं नुसता उचलून आणला बगा. मासा माजा."

राहीबाई हसून वाढी. केरबा आपल्या ताटातला शेपटीचा तुकडा चिवडत राही.

मग चैत्रात कोंडीबा लेकीकडं जतला गेला. त्या कोरड्या मुलखात तो कुणाला काय दाखवणार होता देव जाणे! केरबा तीन दिवस त्याच्या जुन्या जागी बसला. खडक होता, चिंच होती, मासे तेवढे नव्हते. राहीबाई रिकामी पिशवी झटकून खुंटीला अडकवी. ते केरबाला लागे.

चौथ्या दिवशी गळ घरी ठेवून तो म्हैस धुवायला नदीवर गेला. म्हैस पाण्यात लोळली, गाळ उठला. त्याचा पिवळा पट्टा धारेबरोबर खाली सरकला आणि पट्ट्याच्या कडेनं, गाळातलं खाणं टिपणाऱ्या माशांचे बुडबुडे उमटत गेले. म्हैस सरकली तसा पट्टा सरकला, बुडबुडेही. रोज हिच्या पाठीवर पाणी मारताना केरबाची नजर कोंडीबाच्या खडकावर असायची.

दुसऱ्या दिवशी म्हैस पाण्यात सोडून त्यानं त्या पट्ट्याच्या कडेला गळ टाकला. दुपार कलली तेव्हा कुठं वीतभर शिंगाळा लागला. सोडवताना त्याचा काटा बोटात रुतला, तोही गोड वाटला.

"कसा घावला वो?" राहीबाईनं कालवण वाढत विचारलं.

केरबा सुरू झाला. म्हैस झाली, गाळ झाला, पट्टा झाला, बुडबुडे अजून व्हायचे होते. कालवण निवून गेलं.

"आवं, जेवा की! कोंडीबाभावजी निदान खाता खाता बोलत्यात."

केरबा ओशाळला. ऐकायला माणूस लागतंच, आणि कोंडीबाच्या घरी तर भिंतीच होत्या. तो जतहून आला त्या दिवशी केरबानं ताजा मासा धरून आपणहून त्याला जेवायला बोलावलं.

"कुठं घावला रं?"

"म्हशीमागं."

कोंडीबानं तोंडातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"दिसलं म्हनायचं एकदाचं! एवडी वर्सं पारावरनं मी म्हशी सोडून दुसरं काय बगत हुतो?"

"मग सांगितलं न्हाईस ते?"

"इचारलंस कवा?"

कोंडीबानं ताट पुढं केलं. "ह्यो मासा तुजा, गड्या. पन म्हस पैल्यांदा मी बगितली."

राहीबाईनं त्याला शेपटीकडचा तुकडा वाढला. मधला केरबाच्या ताटात पडला.