पेटीतली अकरा वर्षं

आई गेली त्या आठवड्यात मी तिची गिटार पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे घेतली. तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. मी पाच वर्षांची असताना बाबांनी ती आईसाठी केली होती, आणि पुढे चौतीस वर्षं आईने ती रोज वाजवली. धाकटा भाऊ मागायला आला तेव्हा मी त्याला साफ उडवून लावलं.

"ताई, वाद्य आहे ते," तो म्हणाला. "दागिना नाही."

"आधी स्वतःचे हात बघ," मी म्हणाले. तो बस चालवतो. त्याच्या हातांना कायम डिझेलचा वास असतो.

आणि हे बोलणारी मी कोण, तर बाबांच्याच कारखान्यात गिटारी दुरुस्त करून पोट भरणारी. नव्या गिटारीचा आवाज बंद असतो, हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत आहे. वाजवून वाजवून वरची फळी मोकळी व्हावी लागते. म्हणून बाबा प्रत्येक नवी गिटार विकण्याआधी वर्षभर आईकडे द्यायचे. ती रोज संध्याकाळी वाजवायची आणि वर्षाने तोच सूर भरून यायचा. बाबा त्याला 'उघडणं' म्हणायचे. न वाजवता ठेवली तर उघडलेली गिटारही मिटते, हेही तेच सांगायचे. मीही गिऱ्हाइकांना दिवसातून दोनदा ऐकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बाबांना विसरण्याचा आजार जडला त्याला तीन वर्षं झाली. यंदा ते मला ओळखेनासे झाले. मला 'बाई' म्हणतात, पाणी दिलं की 'आभारी आहे' म्हणतात. लहानपणी माझे हात कायम डिंकाने चिकट असायचे म्हणून त्यांनी मला 'डिंकी' नाव ठेवलं होतं, आणि माझे केस पिकले तरी ते तेच नाव घ्यायचे. तो शब्द एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचा, एवढंच मला हवं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ओळखीचे आवाज कधीकधी शेवटपर्यंत टिकतात. पण आता वेळ फार नाही." मी त्याच दिवशी पेटी उघडली.

नव्या तारा चढवल्या, खुंट्या पिळून सूर लावला आणि वाजवलं. पुठ्ठ्याचं खोकं वाजावं तसा आवाज आला. फळी तपासली, आत आरसा घालून एकेक पट्टी पाहिली. कुठे तडा नाही, काही सुटलेलं नाही. काही मोडलेलं असतं तर मी आनंदाने रडले असते, कारण मोडलेलं मला जोडता येतं.

मग रोज चार तास वाजवायला घेतली. हातातली कामं पडून राहिली. गिऱ्हाइकं माझ्यावर चिडली, मी त्यांच्यावर चिडले. बोटांची सालं निघाली तेव्हा नाक मुठीत धरून भावाला फोन केला. तो आला, मला दिसेल असं साबणाने दोनदा हात धुतले आणि वाजवायला बसला. सहा आठवडे आम्ही पाळीपाळीने वाजवत होतो. जाड तारा किंचित भरल्यासारख्या वाटायच्या. बुडत्याला काडीचा आधार. अकरा वर्षांचं मिटलेलं सहा आठवड्यांत उघडत नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं. पण बाबा आता घास गिळायलाही विसरू लागले होते, आणि मला भीती वाटत होती.

शेवटी एका सकाळी मी त्यांच्या खाटेशी बसले आणि आई वाजवायची ती चाल वाजवली. भाऊ ड्यूटीवरून तसाच येऊन दारात उभा राहिला.

बाबांनी डोळे उघडले. फळीवर तळवा टेकवला आणि बोटाच्या पेराने दोनदा ठोकून पाहिलं, अगदी पूर्वीसारखं.

"नवी आहे," ते म्हणाले. "लाकूड उत्तम आहे. पण आवाज अजून बंद आहे, बाई."

"मग काय करू?" मी कसंबसं विचारलं.

"आमच्या मंडळींकडे द्या. ती रोज वाजवेल. वर्षभरात उघडेल." मग ते हसले. "आणि आमची डिंकी आहे ना, पाच वर्षांची, ती हात लावायला येईल. तिच्या आईला वाटतं, पोरगी खराब करेल. तिला लावू द्या हात. लाकडाला माणसांचे हात लागायला हवेत."

"सांगते," मी म्हणाले.

"आठवणीने सांगा." त्यांनी पुन्हा डोळे मिटून घेतले.

मी उठून गिटार भावाच्या हातात दिली. त्याने हात धुतले नव्हते.