नारिंगीचं हिरवं

शिनचू या बेटावरच्या गावाचा वारा असा, की एका गल्लीत बोललेलं दुसऱ्या गल्लीत ऐकू येतं. रुओयिंगच्या स्फटिकाची कीर्ती तिनं तोंड उघडायच्या आधीच गावभर झाली होती, ती या वाऱ्यामुळेच. खोटं वाटत असेल तर तिथं जाऊन उभे राहा. टोपी मात्र सांभाळा.

स्फटिक साबुदाण्याएवढा. मँगनीज, ब्रोमीन आणि एक सेंद्रिय रेणू यांचा संसार. अतिनील दिवा धरला की तो पिकल्या संत्र्यासारखा पेटायचा. दिवा तसाच धरून ठेवला की नारिंगी विझत विझत त्या जागी हिरवा उजेड यायचा. उजेडानंच उजेडाचा रंग पालटायचा! या पालटावर रुओयिंगचा सगळा प्रबंध उभा होता. तो पडला तर तारुण्याची सगळी वर्षं पाण्यात.

कोरियातून, जर्मनीतून निरोप यायचे, "आमचा नुसता विझतो हो, हिरवा काही होत नाही." तिचे मार्गदर्शक प्रोफेसर चुआंग हसायचे, "हाताला गुण असावा लागतो." बेटावरच्याच ताइनानच्या लॅबमध्ये मात्र पहिल्याच खेपेला हिरवा झाला, तेव्हा तर अख्ख्या बेटाची छाती फुगली.

आता त्या बेटावरची रीत अशी, की कुठल्याही यंत्राजवळ मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी ठेवायची. यंत्र शहाण्यासारखं वागतं. पुडी हिरवीच हवी. पिवळी ठेवली तर यंत्र कुरकुरतं, लाल ठेवली तर बंदच पडतं. ती खायची नाही आणि शिळी होऊ द्यायची नाही. बँकेत, इस्पितळात, संगणकाच्या चिपांच्या कारखान्यात, सगळीकडे पुडी. रुओयिंगचं उजेड मोजायचं यंत्र घरगुती, काळ्या कापडानं झाकलेलं खोकं; आतला उजेड बाहेरच्या पडद्यावर रेघ होऊन दिसायचा. म्हणून पुडी कापडाच्या आत, स्फटिकाच्या शेजारी. देव देव्हाऱ्यातच बरा.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दुपारी तिनं एकदा सगळं करून बघायचं ठरवलं. लॅबमधला धाकटा, पोयू, कापडात डोकं घालून ओरडला, "ताई! तारीख उलटून गेलीय! देवाला शिळा नैवेद्य?"

"मग आण की ताजी. इथं उभा राहून काय अंडी घालतोयस?"

तो गेला. तिनं जुनी पुडी कचऱ्यात टाकली आणि दिवा लावला. स्फटिक नारिंगी पेटला, विझत गेला आणि काळा पडला. हिरवं आलंच नाही. नवा स्फटिक ठेवला, तेच.

पोयू ताजी पुडी घेऊन परतला. "रुसलंय ते. उपाशी ठेवलंस ना!"

पुडी आत गेली आणि पडद्यावर हिरवी रेघ उमटली. दोघांनी यंत्राला हात जोडले आणि पोट धरधरून हसले. पोयू चहा आणायला गेला. रुओयिंगनं हसत हसत चिमट्यानं जळका स्फटिक काढून घेतला. दिवा बंद करायचा राहिला. तिचं लक्ष पडद्याकडे गेलं.

स्फटिकाची तबकडी रिकामी होती. रेघ हिरवीच होती.

तिनं पुडी बाहेर काढली. रेघ झोपली. आत ठेवली. रेघ उठली. पुडीवरची शाई दिव्याखाली चमकत होती, आणि यंत्राला उजेड कळतो, तो कुणाचा ते कळत नाही. स्फटिक रंग पालटत नव्हता. तो मरत होता, आणि शेजारच्या पुडीचा हिरवा उजेड तेवढा मागे उरत होता. ताइनानचं यश कुठून आलं, तेही आता वेगळं सांगायला नको होतं.

प्रोफेसर चुआंगांनी सगळं ऐकलं. चष्मा काढून पुसायला घेतला.

"उद्या पुडी आत ठेव," ते म्हणाले.

"सर?"

"परीक्षकांच्या स्वतःच्या यंत्रांवर तीच पुडी असते. कोण विचारणार आहे? तू पास हो, मी निवृत्त होतो. मग जगाला काय शोधायचं ते शोधू दे."

"आणि मग मी आयुष्यभर काय सांगू सर? कशाची डॉक्टर?"

"पोरी, निम्म्या जगाला हे सांगता येत नाही." त्यांनी चष्मा चढवला, पण तिच्याकडे बघितलं नाही. "खरं बोललीस तर मी तुला वाचवू शकणार नाही. मीही वाचणार नाही."

दुसऱ्या दिवशी आई चियायीहून पहाटेच्या गाडीनं आली, परीक्षकांसाठी अननसाच्या वड्यांचे डबे घेऊन. मागच्या रांगेत नव्या कोटात अंग चोरून बसली.

पडदे ओढले. रुओयिंगनं खोकं आणलंच नाही. उघड्या तबकडीत एकच स्फटिक ठेवला आणि दिवा धरला. तो असा पेटला, की पुढच्या रांगेतल्यांचे चेहरे नारिंगी झाले, कुणीतरी "वा!" म्हणालं. मग तो पिवळट झाला. मग राखेसारखा. मग काहीच नाही.

चुआंग सरांनी मान खाली घातली. परीक्षक मात्र अदबीनं, पुढे वाकून, हिरव्याची वाट बघत राहिले. अंधारात कुणीतरी खोकलं. रुओयिंग दिवा धरून उभी होती. 'हिरवा उजेड पुडीचा होता,' हे पाठ केलेलं वाक्य अजून सांगायचं राहिलं होतं.

मागून आईचं कुजबुजणं आलं, "झालं का गं, यिंग?"

"झालं, आई."

आईनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली.