अर्जांच्या गठ्ठ्यावरचा पेपरवेट

मी एक जुना, काचेचा पेपरवेट आहे, मित्रांनो. भट्टीतून निघालो तो पोटात निळं फूल घेऊनच. पहिल्या साहेबांना माझं भारी कौतुक. पाहुण्यांसमोर मला हातात घेऊन फिरवत. ते निवृत्त झाले आणि मी कारकूनकाकांच्या टेबलावर आलो. त्यांनी मला आपटून अक्रोड फोडले! माझ्या कडेचा टवका तेव्हाच उडाला.

माझं काम एकच, नोकरीच्या अर्जांवर बसायचं. नवा अर्ज वर, जुना खाली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी नवे साहेब वरचे दहा उचलतात आणि बाकीचे पोत्यात जातात. त्यात किती गुणी माणसं गेली, देव जाणे. मला त्याची अजून चीड येते.

एकदा क्रेन चालवणारी एक बाई अर्ज देऊन गेली. तिचा कारखाना बंद पडला होता. महिनाअखेरीस परवाना संपणार होता, आणि नोकरीच्या पत्राशिवाय नवा मिळणार नव्हता. सोमवारी ती पुन्हा हजर.

"काका, माझ्या अर्जाचं काय झालं?"

"कळवू, ताई."

"चार ठिकाणी असंच कळवणार होते. अर्ज आहे का ते तरी बघा."

काकांनी कुरकुरत मला बाजूला केलं, गठ्ठा उपसून अर्ज काढला. आता तो परत मधे कोण खुपसणार? त्यांनी तो वरच ठेवला. बाईच्या ते बरोबर लक्षात आलं. मग ती गुरुवारी आली, पुढच्या सोमवारीही आली.

"ताई, सारखं येऊन नोकरी मिळते का?"

"न येता आठ महिने मिळाली नाही, काका."

शेवटच्या शुक्रवारी टपालाने वीस नवे अर्ज आले आणि तिचा खाली गेला. माझा जीव टांगणीला लागला. शनिवारी कचेरी उघडते न उघडते तोच ती दारात!

"आज नको! आज साहेब अर्ज बघणार आहेत," काका उखडले.

"म्हणूनच आज."

काकांनी मला दाणकन आपटलं, अर्ज शोधला आणि गठ्ठ्यावर टाकला. तेवढ्यात साहेब आले. त्यांनी वरचा अर्ज वाचला.

"क्रेन किती वर्षं चालवता?"

"अकरा."

"चला, आवारातली क्रेन चालवून दाखवा."

तासाभराने ती नेमणुकीचं पत्र घेऊन टेबलापाशी आली. "काका, आता नाही कळवलंत तरी चालेल!"

मित्रांनो, काकांना अक्रोड फोडायला कुणीतरी हातोडी आणून द्या, माझा दुसरा टवका तरी वाचेल. आणि अर्ज देऊन घरी बसू नका. पुन्हा जा, ताठ मानेने विचारा. कागदावर गप्प बसून राहणं हे माझं काम आहे. मी काच आहे. तुम्हांला तोंड आहे.