आधी प्रकार, मग नाव

थंडर बेच्या बंदरावर, सरोवराच्या काठी, धान्याची उंच कोठारं आहेत. तिथल्या वजनांची आकडेमोड सोपी व्हावी म्हणून ओरेस्ट बाबिकने ऐन उमेदीत एक छोटी संगणकभाषा रचली आणि तिला टॅमरॅक हे झाडाचं नाव दिलं. हिल्का नूर्मी तेव्हा त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायची. पुढे दोघांनीही ती नोकरी सोडली, भाषा मात्र सुटली नाही. हवामान मोजणारे, जंगलातल्या वणव्यांवर नजर ठेवणारे असे कोण कोण लोक ती वापरू लागले, आणि ओरेस्ट, हिल्का आणि विनिपेगचा कॉलिन असे तिघे मिळून घरचं खाऊन तिची देखभाल करत राहिले.

टॅमरॅकमध्ये व्हेरिएबलच्या, म्हणजे किंमत साठवायच्या कप्प्याच्या, नावाआधी त्याचा प्रकार लिहिता यायचा. 'संख्या' म्हटलं की त्यात संख्याच बसणार. चुकून मजकूर टाकला तर प्रोग्राम तिथेच अडणार. पण ही सोय तोकडी होती. संख्यांच्या यादीला प्रकार नव्हता, आणि 'संख्या असेल, नाहीतर काहीच नसेल' हे सांगायला तर वाटच नव्हती. एखादा तापमापक बंद पडला की लोक तिथे शून्य भरायचे. आता थंडर बेच्या हिवाळ्यात शून्य अंश म्हणजे कोट उघडा टाकून फिरण्याइतका उबदार दिवस. ही सोय वाढवायची असं ओरेस्टने मनावर घेतलं. लांबलचक मसुदा लिहून त्याने तो सगळ्यांच्या गळी उतरवला आणि सत्तरीला टेकलेला माणूस हुरूपाने कामाला लागला.

त्याने लिहिलेलं तपासायचं काम हिल्काकडे होतं. पानगळीच्या सुमारास तिला एक चूक सापडली. रिकामी किंमत यादीत आली की सगळं कोसळत होतं. तिने कळवलं, त्याने आभार मानले, दुरुस्त करून पाठवलं. पुढच्या आठवड्यात तेच जुनं, चुकीचं परत आलं, सोबत तीच चिठ्ठी, शब्दाला शब्द तसाच. जुनी प्रत चुकून गेली असेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. मग ते तिसऱ्यांदा आलं.

दर शनिवारी दोघं फिनिश खानावळीत पातळ पॅनकेक खायला भेटत. त्या शनिवारी ओरेस्ट म्हणाला, रिकाम्या किमतीला प्रकार असावाच कशाला, हे कोणाचं डोकं? त्या मसुद्यातली वीस पानं त्याने याच एका मुद्द्यावर खर्ची घातली होती. तिने आठवण करून दिली तेव्हा तो हसला, "म्हातारा झालो गं. ते आपलं... नावाच्या आधी लिहितो ना आपण, ते," एवढं म्हणून थांबला. 'प्रकार' हा शब्द त्याला सापडेना. हिल्काने तो पुरवला आणि कॉफी संपवली.

सोमवारी तो दवाखान्यात गेलेला पाहून ती त्याच्या घरी गेली. त्याची बायको स्टेफा स्वयंपाकघरात बीट चिरत होती. हिल्काने अडखळत सुरुवात केली तशी स्टेफाने सुरी खाली ठेवली. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. स्मृती जाणार, हळूहळू सगळंच जाणार.

"हे काम हातावेगळं होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय मला," स्टेफा म्हणाली. "एवढं एक त्याला पुरं करू दे."

हिल्काने मान डोलावली. त्या दिवसापासून ती पहाटे उठून ओरेस्टने आदल्या दिवशी लिहिलेलं निस्तरू लागली. चुका काढायची, पण कळवायची नाही. तो पुढे जातोय असं त्याला वाटायचं, आणि खरंच काम पुढे जात होतं. सरोवर गोठलं तेव्हा याद्यांना प्रकार मिळाले होते. तो फोनवर गाणी गुणगुणायचा. कॉलिन म्हणायचा, म्हाताऱ्याला पुन्हा पालवी फुटली.

मार्चमध्ये ओरेस्टने एक बदल तपासायला न देता परस्पर सगळे वापरत त्या मुख्य प्रतीत घातला. जुने प्रोग्राम जागोजागी बंद पडले, रागाची पत्रं आली. हिल्काने दुपारपर्यंत सगळं सावरलं, पण आता कॉलिनला सांगणं भाग होतं. तो फोनवर म्हणाला, त्याच्याकडच्या किल्ल्या, म्हणजे भाषेत बदल करायचे अधिकार, काढून घ्यायला हव्यात, आणि ते माझ्याच्याने व्हायचं नाही.

हिल्का गेली. ओरेस्ट खिडकीपाशी बसला होता आणि त्या दिवशी नेमका लख्ख होता. तिने सगळं सांगितलं, पहाटेच्या दुरुस्त्यांसकट. तो ओरडला नाही.

"म्हणजे हिवाळाभर मी काम करतोय असं मला वाटत होतं, आणि करत होतीस तू."

"मसुदा तुझा आहे, ओरेस्ट. मी फक्त—"

"मी चुकतोय हे मला कळायला हवं होतं. तेवढं तरी माझं होतं. तेही तू ठेवलं नाहीस."

त्याने स्वतःच संगणक उघडला आणि तिच्यादेखत आपले सगळे अधिकार काढून टाकले. एका ठिकाणी परवलीचा शब्द आठवेना, तो तिनेच सांगितला.

वाढवलेली सोय हिल्काने सप्टेंबरात पूर्ण केली. कर्त्यांच्या नावांत ओरेस्टचं नाव पहिलं घातलं. मॅनिटोबातल्या हवामान केंद्राच्या एका बाईने लिहिलं, आता बंद मापक बंद म्हणूनच दिसतो, देव तुमचं भलं करो. ते पत्र घेऊन ती त्याच्याकडे गेली. तोवर त्याला टॅमरॅक म्हणजे फक्त झाड आठवत होतं. भांडणही आठवत नव्हतं, हिल्काचं नावही नाही. पण तिला पाहिल्यावर त्याचा चेहरा कठोर झाला आणि तो उठून आतल्या खोलीत गेला. पुढच्या वेळीही तेच झालं. इतरांशी तो हसूनखेळून असे, अगदी टपालवाल्याशीसुद्धा.

"कशामुळे ते त्याला ठाऊक नाही," स्टेफा म्हणाली. "राग तेवढा राहिलाय."

तरी हिल्का जात राहिली. स्टेफासोबत स्वयंपाकघरात बसायची, सारण भरलेल्या वारेनिकीच्या कडा दुमडायची, आणि तो बाहेर यायच्या आत निघायची.

दोन हिवाळ्यांनी तो गेला. चर्चमध्ये पाद्र्याने त्याच्या मासेमारीबद्दल सांगितलं, मुलींबद्दल सांगितलं. भाषेचं नाव कुणी काढलं नाही. नंतर तळघरातल्या दालनात जेवणं चालू असताना स्टेफाने हिल्काला ओरेस्टच्या धाकट्या भावाजवळ बसवलं. डॉफिनजवळ शेती करणारा, भल्यामोठ्या हातांचा माणूस. त्याने विचारलं, माझा भाऊ शेवटी शेवटी कशात एवढा गुंतला होता?

हिल्काने प्रयत्न केला. "एखाद्या गोष्टीला नाव देण्याआधी त्यात काय ठेवणार ते सांगून ठेवायचं. आणि काही नसेल, तर नाही असंही सांगता आलं पाहिजे. ते त्याने आणलं."

भावाने थोडा विचार केला. "लोकांच्या उपयोगी पडलं?"

"हो. रोज पडतं."

"मग ठीक," तो म्हणाला. त्याने कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या होलुब्त्सींचं ताट तिच्याकडे सरकवलं आणि तिने खायला सुरुवात करेपर्यंत तो तिथेच बसून राहिला.