डावीकडचा रणगाडा

राडोम शहरातल्या आमच्या घराच्या माळ्यावर लुद्विकला आमचा जुना रणगाड्यांचा व्हिडिओ गेम सापडला आणि माझ्या या थोरल्या भावाची मिजास लगेच परत आली. “डावीकडचा रणगाडा माझा. तू जन्मभर हरलास, आजही हर.”

मी गेम रंगीत टीव्हीला जोडला. हिरव्या मैदानावर त्याचा लाल रणगाडा लख्ख दिसला. लहानपणी आमच्या कृष्णधवल टीव्हीवर लाल आणि हिरवं एकच करडं दिसायचं; दुरून त्याचा रणगाडा मैदानात मिसळून जायचा, माझा पांढरा मात्र उठून दिसायचा. हा पडद्याला नाक लावून बसायचा आणि ‘डोळे बिघडतील’ म्हणत मला मागे पलंगावर पिटाळायचा.

“तुला तेव्हाच माहीत होतं?”

“मग? उगाच डावा घ्यायचो?”

मी माळ्यावरून तो जुना टीव्हीच खाली आणला आणि त्याच्यापुढे आपटला.

“आता डावा माझा. तू मागे बस, दादा. डोळे बिघडतील.”