अर्धी पेन्सिल

हेलिकॉप्टर जमिनीपासून पाच फुटांवर न्यायचं आणि तोंड एका दिशेला ठेवून एक मिनिट एका जागी धरायचं. एवढंच काम होतं. चौदा तास दहा मिनिटं उडून झाली तरी मला ते जमलं नव्हतं. नियम पंधरा तासांचा होता. पंधराव्या तासाला परीक्षक शेजारी बसतात. जमलं तर पुढचं प्रशिक्षण, नाही जमलं तर सामान बांधायचं आणि सैन्यातच, पण जमिनीवरच्या कुठल्यातरी खात्यात जायचं.

आमच्या तुकडीत अकरा जण होते. दहा जणांना जमलं होतं.

मला का जमत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. उजव्या हातातली स्टिक हेलिकॉप्टरला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे नेते, डाव्या हातातली लिव्हर वर-खाली नेते, पायांखालची पेडलं तोंड फिरवतात. मी स्टिक आवळून धरायचे. मशीन डावीकडे सरकलं की उजवीकडे ढकलायचे. ते क्षणभर काहीच करायचं नाही, म्हणून मी आणखी ढकलायचे, आणि मग ते दोन्ही धक्क्यांचं एकदम ऐकायचं. की मी उलटीकडे ढकलायचे. तिसऱ्या झोक्याला आम्ही मैदानभर. शेजारी बसलेले माझे प्रशिक्षक न चिडता "माझ्याकडे" म्हणायचे, ताबा घ्यायचे, आणि तेच मशीन खुंटीला टांगल्यासारखं स्थिर व्हायचं.

"हं, घे परत."

"माझ्याकडे," मी म्हणायचे, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हँगरमध्ये माझं नाव 'पक्कड' पडलं होतं. ठेवणारा माणूस म्हणजे दुर्बीणकाका, तिथला मुख्य मेकॅनिक. चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडाएवढी जाड, म्हणून ते दुर्बीण. नोकरी सव्वीस वर्षांची.

"हातोडी नाही म्हटलं यात समाधान मान," ते मला म्हणाले होते.

शेवटचा उपाय म्हणून सरांनी पेन्सिल काढली. स्टिक धरलेल्या हाताच्या बोटांत ती आडवी ओवायची, एका बोटाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून. मूठ आवळली की बोटं दुखणार. जुना इलाज आहे. माझी बोटं दुखली, मूठ काही सुटली नाही.

पेन्सिलीची गोष्ट निघाली म्हणून आमच्याकडची एक रीत सांगते. मशीनमध्ये चढण्याआधी खिशातली प्रत्येक वस्तू टेबलावरच्या फळ्यावर लिहायची आणि उतरल्यावर ती दाखवायची. कॉकपिटच्या तळाच्या फळ्यांखालून स्टिकचे आणि पेडलांचे दांडे जातात. तिथे पडलेला साधा स्क्रू माणसं मारू शकतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी शेवटची फेरी करून उतरले तेव्हा टेबलावरच्या कारकुनानं विचारलं, "पेन्सिल एक?" मी बाहीच्या खिशातून डोकावणारं टोक दाखवलं. त्यानं खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीसला मी ती पेन्सिल धुवायला टाकायच्या पोशाखातून नव्या पोशाखात घालायला काढली. ती अर्धीच होती. मोडलेल्या टोकाला ताज्या लाकडाचे काटे दिसत होते. पत्र्याचं टोपण आणि खोडरबर असलेला मागचा अर्धा भाग नव्हता. मी इतकी आवळली होती की ती मोडली, आणि जाड हातमोज्यातून मला ते कळलंही नाही.

खोलीतल्या मैत्रिणीला आम्ही 'रेडिओ' म्हणायचो. ती झोपेतसुद्धा बोलायची. तिनं पेन्सिल पाहिली आणि लगेच निकाल दिला.

"गप्प बस. एक गेली, एक आली. हिशेब जुळलाय. कुणी विचारणार नाही."

"आणि खाली अडकली असेल तर?"

"तुझ्यानंतर कुणीतरी उडालंच असेल ना त्यात? काही झालं का?"

"कुणी नाही उडालं. माझीच शेवटची फेरी होती."

रेडिओ बंद पडला. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

परीक्षा नऊ वाजता होती, त्याच मशीनमध्ये. परीक्षक दुसऱ्या तळावरून एका दिवसासाठी आले होते. मी सांगितलं तर मशीन बंद, परीक्षा बंद, आणि वर मोडलेल्या पेन्सिलीचा ठपका. मी बाबांना फोन लावला. बाबा बसचालक. त्या वेळी ते डेपोत असतात आणि बस काढण्याआधी खाली वाकून तिच्या पोटाखाली बघत असतात. एकतीस वर्षं त्यांनी तेच केलं. मी सगळं सांगितलं. मागे कुणीतरी इंजिन चालू केलं, म्हणून ते ओरडून बोलत होते.

"मग मला कशाला फोन केलास? ज्यांचं मशीन आहे त्यांना कर की!"

फोन बंद. मला राग आला आणि मी हँगरकडे निघाले.

सर दारातच भेटले.

"सर, कालच्या पेन्सिलीचा अर्धा तुकडा मशीनमध्ये राहिलाय असं वाटतंय."

"वाटतंय की राहिलाय?"

"राहिलाय."

त्यांनी हात पुढे केला. मी उरलेला अर्धा भाग त्यावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि ते आत जाऊन स्टिकला लाल पट्टी बांधून आले. लाल पट्टी म्हणजे या मशीनला हात लावायचा नाही.

परीक्षक उंच, कोरडे गृहस्थ. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग मला.

"मी सहाला निघतो. दुसरं मशीन दिवसभर इतरांना दिलेलं आहे. सव्वापाचपर्यंत हे तयार झालं तर तुम्हाला बघेन. नाही झालं तर तुमची परीक्षा अपूर्ण. आणि अपूर्ण म्हणजे नापासच, ते तुम्हाला माहीत आहे."

"हो, सर."

"हरवणाऱ्यानं शोधायला थांबायचं, हेही माहीत असेल."

दुर्बीणकाका तीन मेकॅनिक घेऊन उभेच होते.

"या, पक्कडबाई. सकाळी सकाळी भवानी झाली म्हणायची."

आधी पुढच्या दोन्ही सीट काढल्या. मग तळाच्या तीन फळ्या, एकेका फळीला चोवीस स्क्रू. ते मोजून ताटलीत ठेवायचं काम माझ्याकडे. लांब दांडीचा आरसा, टॉर्च, बारीक तोंडाचा व्हॅक्यूम. अकरा वाजता एकाला एक वॉशर सापडला, गंजलेला, कुठल्या जमान्यातला कोण जाणे. चौघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"हा हिचा नाही," काका म्हणाले. "हा आपला आहे. लिहा."

लिहिला. पेन्सिल सापडली नाही. एक वाजला. जेवणाची घंटा झाली, कुणी उठलं नाही. मी एकदा म्हटलं, तुम्ही जाऊन या. काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दीड वाजता त्यांनी चष्मा पुसला.

"पोटावर झोप. डोकं पेडलांखाली घाल. माझी मान तिथे जात नाही, तुझी जाईल. मी वरून एकेक हलवतो. कुठे खरखरलं, अडलं तर ओरड."

ते एका खोक्यावर बसले, जिथे सीट असते तिथे. मी टॉर्च दातांत धरून आत सरकले. समोर, हातभर अंतरावर, स्टिकचं मूळ होतं. चौदा तास मी तिचं वरचं टोक धरून बसले होते, खालचं टोक मी कधी पाहिलंच नव्हतं. तिथून एक चकचकीत दांडा मागे जात होता, वर रोटरच्या पात्यांकडे.

काकांनी स्टिक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली. दांडा सरकला. काही अडलं नाही.

"आता तुझ्या सरांसारखं करतो," वरून आवाज आला. "दुरुस्तीनंतर ते मशीन तपासायला नेतात तेव्हा मागे मीच बसलेला असतो. त्यांचा हात पाठ झालाय मला. काही घासतंय का बघ."

मी दांड्यावर नजर ठेवली. वाट पाहिली.

"काका, सुरू करा."

"केव्हाचं सुरू केलंय."

"मला दिसत नाहीये."

"मग बरोबर करतोय."

मी टॉर्च जवळ नेला. दांडा हलत होता. नखाच्या जाडीएवढा पुढे, आणि लगेच परत. पुढे, परत. त्यात ढकलणं नव्हतं, नुसतं टोचणं होतं. परत येणं मात्र प्रत्येक वेळी होतं. मी कधीच परत येत नव्हते.

"आणि ही तू," काका म्हणाले. दांडा माझ्या नाकासमोरून असा सुटला की मी डोकं मागे घेतलं आणि ते वरच्या पत्र्यावर आपटलं.

"दिसलं?"

"दिसलं. लागलंही."

"अगं, पत्र पेटीत टाकलं की माणूस घरी जातो. पोस्टमनच्या मागे धावत सुटत नाही. उत्तर येतं आपापल्या वेळेनं." मग लगेच, "बरं, ते राहू दे. आता पेडलं. डावं."

डावं पेडल पूर्ण गेलं. उजवं जात असताना बारीक 'टक्' आवाज झाला आणि ते शेवटाच्या दोन बोटं अलीकडे थांबलं.

"थांबा!"

पेडलाचा हात आणि त्याची बैठक यांच्या फटीत, वरून कुठल्याच आरशात न दिसणारा, पत्र्याच्या टोपणाचा पिवळा ठिपका होता. मी दोन बोटांनी ओढला. दोन पन्नास झाले होते.

काकांनी तुकडा तळहातावर घेतला. सर आले होते, त्यांनी उरलेला अर्धा खिशातून काढून त्याला लावून पाहिला. काटे काट्यांत बसले.

"उजवं पेडल एवढं कधी लागतं?" एका मेकॅनिकनं विचारलं.

"वारा आडवा असला की," सर म्हणाले. हँगरबाहेरचा वाऱ्याचा मोजा सकाळपासून आडवाच होता.

आता बहात्तर स्क्रू परत. शिवाय सगळं जोडल्यावर दुसऱ्या मेकॅनिकनं पुन्हा तपासून सही करायची असते, त्यात घाई चालत नाही. एकानं चहाचं विचारलं.

"चहा कुठे पळून जात नाही," काका म्हणाले. "परीक्षक जातील."

मी सांगते ते एवढ्याचसाठी: त्या चार माणसांची पाळी तीनला संपत होती. ते तीनलाच निवांत हात धुऊन घरी गेले असते तर त्यांना कुणी बोल लावला नसता. त्यांच्यापैकी कुणाचंच माझ्यावाचून अडलं नव्हतं. पाच वाजून पाच मिनिटांनी काकांनी शेवटची सही केली आणि लाल पट्टी सोडून स्वतःच्या खिशात कोंबली.

"जा," ते म्हणाले. "आणि काही मोडू नकोस."

पाच बाराला आम्ही वर होतो. परीक्षकांनी मैदानाच्या मध्यावर नेलं, पाच फुटांवर स्थिर केलं.

"तुमच्याकडे."

"माझ्याकडे."

मी स्टिककडे लक्ष दिलं नाही. पायांखाली, फळीच्या आत, तो चकचकीत दांडा डोळ्यांसमोर आणला. मशीन डावीकडे निघालं. टोचलं, परत आले. काहीच झालं नाही. हात शिवशिवत होता, पोस्टमनच्या मागे धावायला. थांबले. मशीननं ऐकलं. मग ते मागे सरकू लागलं, पुन्हा तेच. पहिली वीस सेकंदं आम्ही तीन-चार फूट इकडेतिकडे केलं. आडव्या वाऱ्याचा एक झोत आला, तोंड वळू लागलं, मी उजवं पेडल दाबलं आणि ते जेवढं हवं तेवढं गेलं. त्या पेडलाखाली आता काही नाही हे मला माहीत होतं, आणि कुणामुळे ते माहीत होतं.

"मिनिट होऊन गेलं," परीक्षक म्हणाले. "दीड झालं. एक वळसा घ्या आणि उतरवा, मला निघायचंय."

उतरलो तेव्हा पाच एक्केचाळीस. माझे एकूण चौदा तास एकोणचाळीस मिनिटं. त्यांनी फाइलवर लिहिलं: 'उत्तीर्ण. अजून थोडी सरकते.' त्याच फाइलवर, त्याच पेनानं, खाली लिहिलं: 'वस्तू मोजताना निष्काळजीपणा. दहा दिवस हँगर झाडणे.' प्रामाणिकपणाबद्दल एक अक्षर नव्हतं. तो गृहीत धरलेलाच असतो.

हँगरच्या दारात ते चौघं उभे होते, हातात चहा. पाळी संपून तीन तास होत आले होते. मी काही बोलायच्या आत काकांनी कप पुढे केला.

"दोन बोटांत धर. फोडशील."

मी दहा दिवस हँगर झाडला. इतकं मन लावून मी घरीही कधी झाडलं नव्हतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "सैन्यात जावं लागलं त्याला."

याला नऊ वर्षं झाली. आता मी शिकवते. बारा तासांनंतरही ज्याची मूठ सुटत नाही, त्याला मी पेन्सिल देत नाही. तळाची फळी काढलेली असते त्या दिवशी त्याला हँगरमध्ये नेते आणि पोटावर झोपवते. आतापर्यंत सात जण झोपले, सहा जणांना जमलं.

काकांच्या निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी मला शिकवलं, मी त्यांच्यामुळे उडते, असं काहीबाही. दोन दिवस वाक्यं जुळवली होती.

ते चष्मा पुसत राहिले. "मी कुठे शिकवलं? मी तुकडा शोधत होतो. तू खाली पडल्या पडल्या शिकलीस, त्याला मी काय करू?"

"तरी पण, काका."

"बरं, तरी पण," ते म्हणाले, आणि चष्मा लावायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

टेबलावरच्या फळ्यापाशी कारकून बदलले, प्रश्न मात्र त्या दिवसापासून एका शब्दानं वाढला आहे. "पेन एक, अख्खं? पेन्सिल एक, अख्खी?" नव्या मुलांना ती थट्टा वाटते, ती हसतात. काल एकानं हसत हसत खिशातलं टोक दाखवलं. मी म्हटलं, बाहेर काढ, दोन्ही टोकं दाखव.