आरशावर न उमटलेला श्वास

स्तूपाला प्रदक्षिणा घालून झाली की यात्रेच्या बसमधली माणसं कुंपणाच्या भिंतीला टेकून असलेल्या एका लांबट खोलीसमोर रांग लावत. विहारातल्या भिक्खूंचा त्या खोलीशी काडीचाही संबंध नव्हता, पण भिंत एकच असल्यामुळे ते कुणी विचारत नसे. आत, मुद्दाम गार ठेवलेल्या अंधाऱ्या जागेत, आरसेबुवा मांडीवर ताटाएवढा आरसा घेऊन बसत.

पुढ्यात बसायचं, आरशावर 'हा' करून श्वास सोडायचा. वाफ उमटली की बुवा म्हणत, "आयुष्य भरपूर आहे, चला." माणूस परीक्षेत पास झाल्यासारखा हसत बाहेर पडे. पण एखाद्याचा श्वास उमटतच नसे, आणि मग रांगेतली कुजबुज थांबे.

"तथागतांनी श्वासाकडे बघायला शिकवलं," बुवा शब्द घोळवत सांगत. "पण बघणार कसा? दिसतो का तो? इथे दिसतो. डॉक्टर छातीला नळी लावतो, आम्ही थेट श्वासालाच विचारतो, की बाबा रे, किती दिवस मुक्काम?"

रांगेत दोघी बहिणी होत्या. थोरली शिवणाची निवृत्त शिक्षिका. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती, ऑपरेशन बारा दिवसांवर आलं होतं, आणि त्याआधी देशातली बुद्धस्थळं बघायचीच हा तिचा हट्ट. धाकटी दंतवैद्याकडे मदतनीस. ती रजा काढून, औषधांची पिशवी सांभाळत सोबत आली होती. आदल्या दिवशी निजलेल्या बुद्धमूर्तीसमोर ताई तासभर बसली होती. "किती निवांत पडलाय गं," ती म्हणाली होती. "मला टेबलावर असं पडता येईल का?"

बुवांची सेविका रांगेत पाणी वाटत, गोड बोलत तब्येतीची चौकशी करत होती. ताईने तिला झडपेची कथा अथपासून इतिपर्यंत ऐकवली. तशी ती बसच्या ड्रायव्हरलाही ऐकवून झाली होती.

आधी धाकटी बसली. तिचा श्वास ठसठशीत उमटला. बुवांनी मांडीखालून पिवळा रुमाल काढून आरसा पुसला आणि ताईपुढे धरला. ताईने श्वास सोडला. काच कोरडीच. तिने पुन्हा सोडला, अगदी पोटातून. काचेत तिचाच उघड्या तोंडाचा चेहरा लख्ख दिसत राहिला.



"सव्वा महिना," बुवा हळू आवाजात म्हणाले. "शस्त्र लागलं तर तेवढाही नाही. इथे राहा, श्वास परत बसवून देऊ. पथ्य एकच. बाहेरचं औषध बंद."

रांगेतले एक आजोबा पुढे वाकले. "ऐका बाई त्यांचं. आमच्या हिचा श्वास असाच गेला होता. गोळ्या थांबवून राहिलो इथे. आमचीच श्रद्धा कमी पडली, चाळिसाव्या दिवशी गेली ती. पण बुवांचं सांगणं चुकलं नाही."

ताईने धाकटीच्या हातातली पिशवी घेतली आणि बुवांच्या पायाशी ठेवली. "मी राहते गं इथेच. ते ऑपरेशन नको." आवाज भीतीने कापत होता, पण त्यात सुटकाही होती. धाकटीला धडकी भरली ती त्या सुटकेची. आता ही काही केल्या उठायची नाही, हे तिला कळून चुकलं. ती ताईच्या खांद्यावर कोसळून हुंदके देऊ लागली. तोंडासमोर वीतभर अंतरावर आरसा होता.

आणि त्या हुंदक्यांनी काच धूसर होत नव्हती.

धाकटीने डोळे पुसले. नाकाला ओळखीचा वास आला. साबणाचा. पेशंटच्या तोंडात घालायचा इवलासा आरसा वाफेने आंधळा होऊ नये म्हणून ती रोज दवाखान्यात त्याला साबण चोळत असे.

"बुवा, माझाही श्वास गेला की. दोन मिनिटांपूर्वी तर होता."

"बहिणीचं सावट पडलं तुमच्यावर."

"मग तुम्ही सोडून दाखवा."

"आम्ही स्वतःसाठी विद्या वापरत नाही."

"मी सोडतो," आजोबा म्हणाले आणि वाकले. काहीच उमटलं नाही. सगळी खोली त्या कोरड्या काचेकडे बघत राहिली.

धाकटीने बाटलीतलं पाणी आरशावर ओतलं, ओढणीने काच खसाखसा धुऊन कोरडी केली. बुवा ओरडले, सेविका धावली, पण आजोबा मध्ये उभे राहिले. "ताई, सोड श्वास," धाकटी म्हणाली.

"नको गं. परत नाही उमटला तर?"

"सोड म्हणते ना."

ताईने डोळे मिटून श्वास सोडला. आरसा या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा झाला.

"पिवळ्या रुमालाला साबण आहे," धाकटी सगळ्यांना म्हणाली. "साबण लावलेल्या काचेवर वाफ धरत नाही. घरच्या आरशावर करून बघा. आणि आजारी कोण, ते पाणी वाटणाऱ्या बाई आत कळवतात."

आजोबांनी कुणाला शिवी दिली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे आमच्या हिचा श्वास होता?"

"होता, आजोबा."



ताईने पिशवी उचलली. दुपारची गोळी काढली. ती तिने कोरडीच गिळली आणि रांगेकडे वळली.

"मला ऑपरेशनची भीती वाटते, अजूनही वाटतेय," ती म्हणाली. "म्हणून तर याचं पटकन खरं वाटलं. तुमच्यातल्या ज्यांनी गोळ्या बंद केल्यात, त्यांनी आजच डॉक्टर गाठा. त्यांना हवं ते विचारा. आणि जो उलटा प्रश्न विचारू देत नाही, त्याच्या हातात आपला जीव देऊ नका."